वजाबाई

तिचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते माझ्या तोंडून निघत नाही. मी तिला वजाबाई म्हणते. हे नाव मीच ठेवलं आणि घरात मी एकटीच वापरते. आमचे हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. नाव पडायला कारण आहे. ती दिवसभर एकच बोलते. वजा बावन्न, वजा एकोणपन्नास, वजा सत्तेचाळीस. आणि एवढंसं ऐकून हे खुलतात. मी इकडे एवढी बडबड करते, तर नुसतं ‘हूं’ म्हणून कूस बदलतात.

यांचं काम टेलिफोन कंपनीत डिश लावायचं. घरावरच्या टीव्हीच्या डिशा नव्हेत, चांगल्या माणूस आत बसेल एवढ्या. एक डिश या गच्चीवर, दुसरी पार तिकडे डोंगरावर, आणि दोघी एकमेकींकडे तोंड करून. त्यांच्यातून फोनबिन सगळं हवेतून जातं. पण दोघींची तोंडं अगदी नेमकी समोरासमोर यावी लागतात, केसभर इकडेतिकडे झालं तर गेलं सगळं. म्हणून एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला एक, आणि दोघांच्या कानाला फोन. एकजण डिशचा बोल्ट पाव पाव आट्यानं फिरवतो, दुसरा मीटर बघून सांगतो की पलीकडून किती पॉवर पोचली. लिंक लागली म्हणतात ती अशी लागते. या टोकाला आमचे हे, त्या टोकाला ती.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? दोघांच्या मधे अख्खं खोरं आहे. माझी जाऊही हेच म्हणाली. ‘अगं, एवढ्या लांबून काय व्हायचंय?’ तिचा नवरा बँकेत, आजूबाजूच्या टेबलांवर सगळ्या बायका, आणि ही बिनघोर झोपते. तिला कसं सांगणार, की जवळची बाई मला परवडली असती. जवळच्या बाईशी माणूस इकडचं तिकडचं बोलतो, भांडतो, शेवटी कंटाळतो. या दोघांचं तसं नाही. एक बोलतो तेव्हा दुसरा श्वास रोखून ऐकतो. माझं बोलणं यांनी असं कधी ऐकलंय?

मी पहिल्यांदा ऐकलं ते टेलिफोन एक्सचेंजच्या गच्चीवर. हे डबा विसरून गेले होते. माझं शिवणकामाचं दुकान त्याच रस्त्याला, म्हटलं देऊन येऊ. शेवटच्या जिन्याशी पोचले तर वरून यांचा आवाज. ‘हां, अजून थोडं. अजून. आता सावकाश. बास. हलू नकोस. अशीच राहा.’ मी तिथेच उभी राहिले. शब्दांचं सोडा, कामाचेच असतील. लिंक लागली की दोन्हीकडचे नट आवळून होईपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नसतो, हे पुढे मला कळलं. पण तो आवाज मी आमचं लग्न ठरलं तेव्हा ऐकला होता. नंतर तो गेला कुठे म्हणून मी इतकी वर्षं शोधत होते, तर तो इथे गच्चीवर होता.

डबा मी पायरीवर ठेवला आणि आल्या पावली परत फिरले. संध्याकाळी हे म्हणतात, ‘भाजीला मीठ जरा जास्त होतं आज.’

आणखी एक. ती यांना ‘तू’ म्हणते. मी घरात ‘अहो’ म्हणते, सासूबाई समोर असताना तेही हळूच, आणि ही बाई डोंगरावरून खुशाल ‘अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?’ असं विचारते. आणि यांना ते चालतं. मी एकदा तसं म्हणून बघितलं, तर हे पाणी पिता पिता थांबले आणि म्हणाले, ‘बरं वाटत नाहीये का तुला?’

आता ती कोण, तेही सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसतीच जळते. जळते मी, नाही कशाला म्हणू. पण माणूस वाईट आहे असं मला म्हणता येत नाही, आणि तोच तर त्रास आहे. आधी ती फोन जोडून देणारी ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या सगळ्या मुली, मग यंत्र आलं आणि त्यांचं काम गेलं. बाकीच्या बिल भरायच्या खिडकीवर गेल्या, काही घरी बसल्या. ही उठून रेडिओ विभागात गेली, जिथे एकही बाई नव्हती. तिथले पुरुष तिला काही शिकवेनात. तर तिनं लांबचं टोक मागून घेतलं. लांबचं टोक कोणालाच नको असतं. तिथे वारा खायचा, आडोसा नाही, चहा मिळत नाही, परतायला अंधार होतो. ती जात राहिली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत वडिलांना घेऊन राहते. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आता डोळे गेलेत, तरी कानाशी घड्याळ धरून काय बिघडलंय ते सांगतात म्हणे. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायची माझी काही सोय नव्हती.

एकदा ती माझ्या दुकानात आली. कंपनी पुरुषी मापाची जाकिटं देते, तिला बाह्या आखूड करून हव्या होत्या. मी टेप घेऊन पुढे झाले. लोक मापाला उभे राहिले की हलतात. कोणी पोट आत घेतं, कोणी आरशाकडे बघतं, कोणाला गुदगुल्या होतात. ही खांबासारखी उभी राहिली, श्वाससुद्धा बेतानं. असं उभं राहायला तिला कोणी शिकवलं, ते मला ठाऊक होतं. खांदे रुंद, मनगटावर भाजल्याचा जुना डाग, हातात काही नाही, कानात काही नाही. दिसायला माझ्याहून बरी नाही, हे मी तिथल्या तिथे आरशात पडताळून घेतलं. पण मला त्यानं समाधान झालं नाही. ‘वहिनी, तुमचा हात किती हलका आहे,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘जाकीट गुरुवारी मिळेल.’

मग बटणाचं झालं. यांच्या जाकिटाचं वरचं बटण तुटलं होतं, मी लावीन लावीन म्हणत होते. एक दिवस बघते तर लागलेलं. आणि धागा कसला, तर केबलींचे जुडगे बांधतात तो मेण लावलेला जाड दोरा, त्याला केबलीला मारतात तशी गाठ. ‘हे कोणी लावलं?’ ‘सकाळी गाडी भरताना तिनं लावलं. वारं शिरत होतं गं.’ शिंपिणीच्या नवऱ्याचं बटण दुसऱ्या बाईनं लावायचं, तेही दोरखंडानं. मी त्याच संध्याकाळी ते उसवलं आणि जाकिटाच्या रंगाच्या धाग्यानं पुन्हा लावलं. तिची गाठ सुटता सुटेना, शेवटी कात्री घ्यावी लागली.

माझं मागणं फार नव्हतं. कंपनीत आतली एक जागा रिकामी झाली होती, कंट्रोल रूममधली. छपराखाली, खुर्चीवर, संध्याकाळी दिवे लागायला घरी. साहेबांनी आपण होऊन यांना विचारलं होतं. यांचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, शिडीचं तर नाव नको. दुसरा असता तर उडी मारून गेला असता. हे म्हणायचे, ‘बघू.’ त्या ‘बघू’मागे कोण आहे ते मला न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

शेवटी मी ठरवलं, या दोघांची भाषा शिकायचीच. जेवणं झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘अहो, वजा बेचाळीस म्हणजे नक्की किती?’ हे आधी चमकले, आणि मग असे काही खूश झाले की विचारू नका. माझा बटणांचा डबाच ओढला पुढे. एक बटण टेबलावर ठेवलं. ‘हा समज एक मिलिवॅट. वॅटचा हजारावा भाग. याला आम्ही शून्य म्हणतो.’

‘एकाला शून्य म्हणता?’

‘मोजायला इथून सुरुवात करतो म्हणून. दहापट झालं की दहा मिळवायचे. शंभरपट झालं की वीस, हजारपट की तीस. उलट दहावा भाग उरला तर वजा दहा, शंभरावा उरला तर वजा वीस. याला डीबी म्हणायचं.’

‘मग सरळ वॅटमध्ये का नाही बोलत?’

‘अगं, पलीकडे पोचतं ते इतकं कमी असतं, की शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य करताना संध्याकाळ होईल. नॅनोवॅटमध्ये मोजतात ते. एका मिलिवॅटमध्ये दहा लाख नॅनोवॅट, म्हणजे बघ. शिवाय हवेनं किती खाल्लं, केबलनं किती खाल्लं, त्याचे गुणाकार भागाकार कोण करत बसणार? डीबीत नुसती बेरीज वजाबाकी.’

हे मला पटलं. मीसुद्धा कापड बघून मनात बेरीज करते. बटणं मांडून मांडून मी ते पाठ केलं. मग हे म्हणाले, ‘आणि दुप्पट झालं की फक्त तीन मिळवायचे. वीसची दोन यंत्रं एकत्र जोडली तर चाळीस होत नाहीत, तेवीस होतात.’

माझ्या टेपवर वीस आणि वीस चाळीसच होतात. तसं नसतं तर लोक अर्ध्या पायजम्यात फिरले असते. मी म्हटलं, ‘म्हणजे आपलं लग्न झालं तेव्हा तीनच वाढले म्हणायचे.’

हे हसले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी मी यांना हसवलं होतं, मला आपलं बरं वाटत होतं. आणि मग डोळे पुसता पुसता काय म्हणावं माणसानं? ‘हे तिला सांगायला पाहिजे.’

माझा विनोद. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच लग्नावर केलेला. तोही तिच्याकडेच निघाला. मी बटणं डब्यात भरली आणि झाकण इतक्या जोरात लावलं की आतून सासूबाईंनी काय पडलं म्हणून विचारलं.

त्याच आठवड्यात आतल्या जागेवरून माझं आणि यांचं कडाक्याचं वाजलं. आता जिकडे तिकडे जमिनीतून केबली टाकतात, डिशा उतरवायचंच काम चाललंय. लांबच्या पल्ल्याची एक लिंक तेवढी लावायची राहिली होती, खोऱ्यापलीकडे केबल जायची सोय नव्हती म्हणून. हे म्हणाले, ‘ही एक लागली की आतली जागा घेतो. शब्द देतो तुला.’ साहेबांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं आणि लिंक रविवारी लागायची होती. म्हणजे रविवारी लिंक लागली की यांचं आणि तिचं एकत्र काम संपलं. मी रविवारची वाट बघू लागले.

तर ऐन वेळी यांच्याबरोबरचा मदतनीस तापानं आडवा. यांचा कानात अडकवायचा फोन वाऱ्यात नुसती शिट्टी घालतो, आणि बोल्टला दोन्ही हात लागतात. फोन धरायला कोणीतरी हवं. मी म्हटलं, ‘मी येते.’

‘तू?’

‘मला वजा कळतं आता.’

गच्चीवर हा असा वारा. हे शिडीवर, डिशच्या मागे, कमरेला पट्टा. मी खाली पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, फोन कानाला. म्हणजे बघा, इतकी वर्षं त्या दोघांत जे चाललं होतं त्याच्या मधोमध आज मी. ती मला सांगणार, मी ओरडून यांना सांगणार. माझ्यातून गेल्याशिवाय एक आकडा इकडचा तिकडे व्हायचा नाही. खोटं कशाला बोलू, मला सुख वाटलं.

‘वहिनी का?’ ती म्हणाली. ‘मला वाटलंच होतं तुम्ही याल.’

वरून हे म्हणाले, ‘हिशेबानं वजा चाळीस यायला हवं. ध्यानात ठेव.’ आणि बोल्ट फिरवायला लागले. ती सांगत गेली, मी ओरडत गेले. वजा शहात्तर. वजा एकोणसत्तर. वजा चौसष्ट. वजा बासष्ट. मग वजा पासष्ट. ‘मागे घ्या,’ मी ओरडले. परत बासष्ट. आणखी मागे, तर चौसष्ट. म्हटलं झालं काम. ‘मिळालं. हेच मधलं आहे. इकडे घेतलं तरी कमी होतंय, तिकडे घेतलं तरी कमी होतंय.’

वर हे हसले आणि फोनमध्ये तीही हसली, दोघं एकाच वेळी. माझी कानशिलं तापली.

‘वहिनी, चाळीस यायला हवेत ना? बावीस कमी आहेत. त्यातले वीस म्हणजे किती पट?’

‘शंभर,’ मी म्हटलं.

‘आणि वरचे दोन म्हणजे दीडपटीहून जरा जास्त. म्हणजे यायला हवं त्याच्या दीडशेव्या भागाइतकंही येत नाहीये. ही बाजूची पाकळी आहे. डिशमधून मुख्य झोत निघतो आणि त्याच्या आजूबाजूला बारीक पाकळ्या फुटतात. पाकळीवर बसलं की असंच वाटतं, मिळालं म्हणून. नवीन माणूस हटकून इथे फसतो. मीही फसलेय.’

‘मग आता?’

‘आहे ते सोडायचं आणि तसंच पुढे फिरवत जायचं. आधी सगळं जाईल, मीटरवर काहीच दिसणार नाही. त्याच्या पलीकडे झोत.’

मी वर सांगितलं. हे म्हणाले, ‘माहीत आहे, पण इथे नट गंजलाय, वेळ लागेल म्हणावं.’ फिरवलं थोडं. वजा सत्तर, वजा ब्याऐंशी, आणि मग ती म्हणाली, ‘गेलं. काही नाही.’ हे वर तेलाची बाटली घेऊन नटाशी झटापट करत बसले.

फोनमध्ये नुसता वारा, तिकडचाही आणि इकडचाही. सांगायला आकडा नव्हता.

‘ते बटण तुम्ही उसवलंत,’ ती म्हणाली.

‘उसवणारच. तो काय धागा होता?’

‘माझ्याकडे तेवढाच होता.’ मग म्हणाली, ‘वहिनी, यानं तुम्हाला आतल्या जागेचा शब्द दिलाय ना? उद्या हा तो फिरवेल बघा. म्हणेल, आणखी एक लिंक आहे. फिरवू देऊ नका.’

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. आणि मग इतके दिवस पोटात होतं ते आलंच बाहेर. ‘तुमच्यासाठीच तर घेत नाहीत ती जागा.’

‘माझ्यासाठी नाही हो. त्याला लिंक लावायचं वेड आहे. मी आजारी होते ना मधे, तेव्हा माझ्या जागी आमच्यातला तो जाड्या जायचा डोंगरावर. बरी झाल्यावर पहिल्याच दिवशी मी तिकडच्या गच्चीवर आले होते, याच्या शेजारीच उभी होते. तर हा त्या जाड्यालाही तेच म्हणत होता, बास, हलू नकोस. त्याच आवाजात. जरासुद्धा फरक नाही. मला इतकं वाईट वाटलं त्या दिवशी, तुम्हाला काय सांगू.’

मी टाकीच्या कडेला हात टेकला.

‘मला सवय मोडायला हवी,’ ती म्हणाली. ‘तो या कामावर आहे तोवर ती मोडायची नाही.’

वरून हे ओरडले, ‘काय म्हणते?’

‘काही नाही,’ मी ओरडले. ‘अजून काही नाही म्हणते.’

खरं तर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. माझा संशय खोटा नव्हता, आणि यांचा त्यात दोष नव्हता, याहून आणखी काय हवं बाईला? पण माझं जळणं काही थांबलं नाही, उलट आणखी पेटलं. मला यांच्यासोबत घर मिळालं, भांडणं मिळाली, रोजचं जेवण, आजारपणं, सगळं मिळालं. हिला मिळाले नुसते दोन शब्द, ते पण जाड्याबरोबर वाटून, आणि तेवढ्यावर हिनं मन लावून वर्षं काढली. मी यांच्यावर कधी असं मन लावलं होतं का, ते मला त्या क्षणी आठवेना. तिचं तेसुद्धा मला माझ्याकडे हवं होतं.

‘यांना माहीत आहे?’ मी विचारलं.

‘नाही. आज मधे तुम्ही आहात. तुम्ही सांगितलंत तर कळेल, नाहीतर नाही.’

वर नट कुरकुरला. तिचा आवाज एकदम कामाचा झाला. ‘आलं, वहिनी. वजा एकाहत्तर. एकसष्ट.’ मी ओरडत होते, हे फिरवत होते. ‘त्रेपन्न. सत्तेचाळीस. सावकाश म्हणावं. त्रेचाळीस.’ आणि पुढे ती बोलेचना.

‘किती?’ हे ओरडले.

‘किती?’ मी फोनमध्ये विचारलं.

‘शंभर नॅनोवॅट,’ ती म्हणाली. ‘मी मीटर वॅटवर टाकलाय. डीबी तुम्ही काढा आणि तुम्हीच सांगा त्याला.’

मी डोळे मिटले आणि बटणांचा डबा आठवला. मिलिवॅटमध्ये दहा लाख नॅनोवॅट. दहा लाखांतले शंभर उरले, म्हणजे दहा हजारावा भाग. दहा, शंभर, हजार, दहा हजार. चार वेळा दहा.

‘वजा चाळीस,’ मी ओरडले.

वर पाना ठेवल्याचा आवाज झाला. मग जिन्यात ऐकला होता तोच आवाज आला, त्यात जरासुद्धा फरक नव्हता. ‘बास. हलू नकोस म्हणावं तिला.’

मी फोन कानाला घट्ट लावला.

‘हलू नकोस म्हणतात,’ मी सांगितलं.

‘नाही हलत,’ ती म्हणाली.